बिननावी वॉरंट

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत शब्दशः झालं. दुखत होता गुडघा, दाखवला हात, आणि तोही माझ्या पोटच्या पोरीला.

माझी लेक ईश्वरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हाडं वाचायच्या मशीनवर कामाला आहे. नळकांड्यासारखं मशीन. त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, चार मिनिटं गप बसायचं, की हाडात चुना किती उरला, झीज किती झाली, शिसं-बिसं काय साठलंय ते सगळं पडद्यावर उमटतं. पन्नाशी उलटली तसे माझे गुडघे जिन्यावर कुरकुरायला लागले. ईश्वरी दोन महिने मागं लागली होती, की आई, एकदा वाचून घे. मी म्हणायची, हाडं वेचायची वेळ अजून आलेली नाही, वाचायची कसली घाई. शेवटी एका मंगळवारी दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती, तर तिनं मला धरूनच नेलं.

"चार मिनिटं हात हलवू नको," ती म्हणाली. "आणि जमलं तर तोंडही."

चार मिनिटं झाली. ती पडद्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, झालं का? तिनं पडदा जवळ ओढला. मला वाटलं, कॅन्सर. आमच्या घरात वाईट बातमीला आधी हेच नाव सुचतं.

"काय निघालंय ते सांग की."

"आई, तुझ्यावर वॉरंट निघालंय."

मी हसले. खरंच हसले. आयुष्यात ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी मारली नाही मला, आणि वॉरंट कसलं? तिनं पडदा माझ्याकडं वळवला. वर तमिळ, खाली इंग्रजी. तमिळ मला वाचता येतं, पोरीपेक्षा बरं येतं. कोडीमलैच्या कोर्टाचं अजामीनपात्र वॉरंट. आरोपीच्या नावापुढं रेघ मारलेली. नावच नाही. खाली एवढंच, की ज्या कुणाच्या हाडात अमुक ठसा ऐंशीच्या वर सापडेल, त्या व्यक्तीला हजर करावं. आणि त्याखाली माझा आकडा. शहाऐंशी.

आता आम्ही कोण ते सांगते, नाहीतर कोडीमलैचा आणि माझा संबंध काय ते कळायचं नाही.

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं. सोनं वितळवून शुद्ध करायचं हा आमचा धंदा. देशात कुठंही जा, सराफकट्टा असला की कोपऱ्यात एक मराठी घर असतंच. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत संसार. माझे मालक धनाजी हसबे, त्यांनी मला लग्नानंतर थेट तमिळ मुलखात नेलं, डोंगरावर, कोडीमलैला. चहाचे मळे, बारा महिने धुकं, आणि थंडी अशी की धुतलेली साडी तीन दिवस ओली. एकोणीस वर्षं काढली तिथं. ईश्वरी तिथलीच. यांची छाती तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या वाफेनं पार खराब झाली तेव्हा आठ वर्षांपूर्वी आम्ही गावी परत आलो. चार वर्षांपूर्वी हे गेले.

त्या दिवशी ईश्वरीनं मशीन बंद केलं, मला दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसवलं आणि दोन कप चहा आणला. साखर दोनदा घातली होती तिनं. पण समजावून सांगायला लागली की ती शांत होते, लहानपणापासूनच.

"तेरा वर्षांपूर्वी कायदा आला, आठवतंय? देवस्थानांच्या सोन्यात खूण मिसळायची."

आठवत होतं. चोरीचं सोनं वितळवलं की ओळखता येत नाही, म्हणून सरकारनं प्रत्येक देवळाचं सोनं एकदा आटवून त्यात तीन दुर्मीळ धातू कणभर घातले होते. प्रत्येक देवळाचं प्रमाण वेगळं. जसा घराघरांतला काळा मसाला, जिन्नस तेच, पण चव घेतली की कळतं कुणाच्या घरचा. कितीही वेळा वितळवा, प्रमाण तसंच राहतं.

"ती खूण सोन्यासाठी होती," ईश्वरी म्हणाली. "पण त्यातला एक धातू शिशाच्या जातीचा आहे. भट्टीत तो थोडा धुरातून उडतो, थोडा राखेत बसतो. तो पोटात किंवा छातीत गेला की शरीर फसतं. त्याला वाटतं हा चुनाच आहे. आणि चुना कुठं ठेवतात? हाडात. बाकीचे दोन त्याच्या मागोमाग. मग ते तिथं वीस-पंचवीस वर्षं बसून राहतात. हे तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि जुन्या सगळ्या चोऱ्यांच्या फायली उघडल्या. चोर सापडत नाही तर ठसाच आरोपी. त्याच्यावरच वॉरंट."

"आणि तुमचं मशीन पोलिसांचं कधीपासून झालं?"

"गेल्या आठवड्यात नवीन प्रणाली भरून गेले. कोर्टाच्या जाळ्याला जोडलंय हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मग ती रडायला लागली. "मीच तुला आणलं गं."

मी तिला म्हटलं, गप, माझे गुडघे काय तुझ्या सांगण्यावरून दुखत होते का? पण आतून मला त्या दवाखान्याचा, त्या मशीनचा, आणि मेलेल्या नवऱ्याचाही असा राग आला की चहा तसाच पायरीखाली ओतून दिला.

नऊ वर्षांपूर्वी कोडीमलैच्या वरच्या देवळातलं अकरा किलो सोनं गेलं होतं. गावभर बोभाटा झाला होता. चोर कधी सापडले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर ईश्वरीनं विचारलं, "पप्पांना माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. तुम्हाला खरं सांगते, आता लपवून काय करायचं? कोडीमलैतली सकाळची वेळ होती, धुकं दारात आलेलं. रोजच्या ओळखीच्या सराफाचा माणूस गाठोडं घेऊन आला. तुकडे केलेले दागिने. मी चहाचं विचारायला पुढच्या खोलीत गेले तर फडक्यावर एक घुंगरू पडलेलं दिसलं. सोन्याचं. बोराएवढं. आता सोनं पायात कोण घालतं? कितीही श्रीमंत बाई असो, चांदीच घालते. सोन्याचे पैंजण फक्त देवाला. मी यांना मराठीत म्हटलं, अहो, हे माणसाच्या पायातलं नाही. हे सोनं वितळवायच्या मुशीखालचा कोळसा बघत होते. म्हणाले, "गलाईवाल्यानं सोनं बघावं, तोंड बघू नये. तू चहा टाक." आणि मी चहा टाकला. तीन दिवस भट्टी चालली, तीन दिवस मी चहा टाकत होते. एवढाच माझा गुन्हा. पण आहे.

आमचे वकील तानुगडे. बांधाच्या भांडणांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, पण परराज्यातल्या वॉरंटचं प्रकरण त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आलं होतं. दोन दिवस त्यांनी नियमांची पुस्तकं चाळली आणि आम्हाला बोलावलं.

"वहिनी, पंधरा दिवसांत स्वतः तिकडच्या कोर्टात हजर व्हायचं. नाही झालात तर त्यांचं पथक येऊन नेणार. आपलं ठाणं नाही म्हणू शकत नाही. पळायचं म्हणाल तर आधार, रेशन, एसटीचा पास, सगळीकडं तुमचं नाव लाल झालंय."

"पळायला माझे गुडघे कुठायत," मी म्हटलं. "बचाव काय ते सांगा."

"बचाव सोपा आहे. भट्टी नवऱ्याची, तुम्ही मागच्या खोलीत. पण त्यांच्याकडं कोष्टक आहे. चाळीसपर्यंत म्हणजे आसपास वावर. ऐंशीच्या वर म्हणजे प्रत्यक्ष भट्टीवर हात. तुमचे शहाऐंशी. मागच्या खोलीत बसून शहाऐंशी कसे झाले ते सांगावं लागेल. धनाजीरावांची हाडं तपासता आली असती तर प्रश्नच नव्हता. त्यांचे पाचशे निघाले असते."

"ती कृष्णेत आहेत," मी म्हटलं. "आम्ही काय पुराव्यासाठी माणसं ठेवून घेतो का?"

तानुगडेंनी पुस्तक मिटलं. ईश्वरी मात्र खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, आपण भांडी कशानं घासायचो?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं.

भट्टीची राख. आम्ही गलाईवाले राख टाकत नाही. तिच्यात सोन्याचे कण असतात. ती चाळायची, धुवायची, तेजाबात घालून कण न् कण काढायचा. मग उरते ती राख मऊ, पिठासारखी. सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की ही राख भांड्यांना, पितळ असं उजळतं की तोंड दिसावं. गलाईवाल्यांच्या घरोघरी हेच. दुधाचं पातेलं, पाण्याचा हंडा, पोरीचा पेला, एकोणीस वर्षं मी याच राखेनं घासलं, त्या चोरीच्या सोन्याच्या राखेनंही. सोनं निघून जायचं, शिशाच्या जातीचं ते मागं राहायचं. कोष्टक करणाऱ्या शहाण्यांनी कारखान्यातल्या पुरुषांची हाडं मोजली होती. भांडी घासणाऱ्या बाईचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता.

"मग झालं की," तानुगडे खुर्चीत सरळ झाले. "घरातल्या दुसऱ्या माणसाचा आकडा दाखवायचा. राखेमुळं सगळ्यांनाच आलंय हे सिद्ध होईल."

घरातलं दुसरं माणूस खाली मान घालून बसलं होतं.

"मी काल मशीनची कोर्टाच्या जाळ्याची वायर काढून स्वतःला वाचलं," ईश्वरी म्हणाली. "दोनशे चाळीस."

तानुगडेंनी हातातला पेन खाली ठेवला. ईश्वरीनंच पुढं सांगितलं, मास्तरणीसारखं, कोरड्या आवाजात. वाढत्या वयात हाड चुन्याला हपापलेलं असतं, जे येईल ते ओढून घेतं. चोरी झाली तेव्हा ती सतरा वर्षांची, बारावीला. रोज दोन वेळा दूध त्या पेल्यातून. आणि अभ्यास कुठं? भट्टीशेजारी. कारण मागच्या खोलीत बोटं गारठायची आणि मीच तिला म्हणायची, जा, तिथं ऊब आहे, तिथं बस. त्या तीन दिवसांतही ती तिथंच बसून गणितं सोडवत होती.

"सतरा म्हणजे," तानुगडे म्हणाले. "सोळाच्या वर असेल आणि गुन्हा मोठा असेल, तर खटला मोठ्या माणसासारखा चालवू शकतात, ताई. आणि कोष्टकाप्रमाणं मुख्य आरोपी तुम्ही."

चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकलं होतं. इथं तर संन्याशाच्या लेकीला.

मी विचारलं, "मी कबूल केलं तर? सगळं मीच केलं म्हणून?"

तानुगडेंनी पुस्तक पुन्हा उघडलं, बोट ठेवून वाचलं. कबुली दिली, कोर्टानं ती मान्य केली, की त्या सोन्याची फाईल बंद. फाईल बंद झाली की ठसा यादीतून उतरतो. मग तो कुणाच्याही हाडात सापडो, मशीन चूं करणार नाही. शिक्षा सात वर्षं, वय आणि बाईमाणूस बघून कदाचित पाच.

"ठरलं," मी म्हटलं.

"काही ठरलं नाही," ईश्वरी म्हणाली. ओरडली नाही, पण वकिलांच्या शिपायानं आत डोकावून बघितलं.

एसटीत माणसं होती म्हणून दम धरला. घरी गेल्यावर मात्र जे भांडलो ते शेजारच्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं असणार. ती म्हणे, मी माझा आकडा देणार, शास्त्र माझ्या बाजूनं आहे, मी तज्ज्ञ आणीन, राखेचा प्रयोग करून दाखवीन. मी म्हटलं, शास्त्र तुझ्या बाजूनं असेल, कोष्टक नाही. ते बदलायला किती वर्षं लागतील? ती म्हणाली, तीन-चार. मी म्हटलं, आणि तोवर तू कुठं असशील? त्यावर ती ताटं घ्यायला उठली.

"पण तू काही केलेलं नाहीस," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला घुंगराचं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं. पण तिच्या पर्समध्ये अजून तिच्या पप्पांचा फोटो असतो. बाप एकदा गेला तो गेला, पुन्हा कशाला न्यायचा? मी एवढंच म्हटलं, "घर माझं होतं, राख माझी होती, पेला माझ्या हातचा होता. पोरी, माझं मला फेडू दे. माझी शपथ आहे तुला, तू तिकडं यायचं नाहीस, कुठं काही लिहून द्यायचं नाहीस, आणि स्वतःचा हात पुन्हा त्या मशीनमध्ये घालायचा नाहीस."

तिनं शपथ घेतली. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली, आणि मग तोच हात तिथंच ठेवून खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं, जमलं. पाच वर्षं म्हणजे काय, अठ्ठावन्नाव्या वर्षी परत. तेवढ्यात तिचं लग्न-बिग्न होईल, मी आले की बाळंतपण करीन. मी असा हिशेब मांडत बसले होते, वेडी कुठली.

चौदाव्या दिवशी ठाण्यातल्या एक हवालदार बाई माझ्याबरोबर निघाल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, गाडीत निम्मा डबा त्यांनीच संपवला. कोडीमलैला बस चढायला लागली आणि तोच ओला वास आला, चहाच्या पाल्याचा आणि कोळशाचा. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. इथं मी तरुण होते.

कोर्ट लहानसंच. न्यायाधीश बाई, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर. मला कोर्टानं फुकटचा वकील दिला होता तो पोरगेला, त्याला माझी फाईल वाचायलाही वेळ झाला नव्हता. मी म्हटलं, मला दुभाष्या नको, मला येतं. एकोणीस वर्षं या गावात भाजीवाल्यांशी भांडले होते तमिळमध्ये. आणि मी सगळं सांगितलं. गाठोडं आलं, नवरा आजारी होता, मीच मुशी भरल्या, मीच भट्टी फुंकली, तीन दिवस, एकटीनं. सराफाचं नाव विचारलं, ते दिलं, तोही मेलेलाच होता. घुंगराचंही सांगितलं. सोन्याची लगड कशी ओततात, तेजाब कधी घालतात, सगळं अचूक सांगितलं, एवढी वर्षं बघत होते. सरकारी पक्षाच्या वकिलानं मान हलवली. मला वाटलं, सुटली पोर.

बाईंनी माझा कागद बघितला, मग बाजूला बसलेल्या तज्ज्ञाकडं दिला. ते दोघं हळू बोलले. मग बाईंनी चष्मा काढला.

"अम्मा, दुसरं कोष्टक आहे. किती सोन्याला किती आकडा ते त्यात आहे. अकरा किलो एका माणसानं वितळवलं तर त्याच्या हाडात निदान दोनशे हवेत. तुमचे शहाऐंशी आहेत. तुम्ही त्या घरात होता. भट्टीला हात लागला असेल, पण हे सगळं तुम्ही केलं नाही."

तानुगडेंनी हे पान वाचलंच नव्हतं. त्यांना तरी काय बोल लावू?

"मीच होते," मी म्हटलं. "थोडं-थोडं केलं. दार उघडं ठेवून. धूर बाहेर जायचा."

"कोडीमलैच्या थंडीत?" त्या म्हणाल्या. रागावून नाही. "खोटी कबुली माणूस कुणासाठी तरी देतं. तुमचे पती वारलेत. मेलेल्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. घरात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही."

कारकुनानं जुनी रेशनची नोंद काढली आणि मोठ्यानं वाचली. धनाजी, कुटुंबप्रमुख. संजीवनी, पत्नी. ईश्वरी, मुलगी. जन्मतारखेसकट.

मग माझा तोल गेला. मी राखेचं बोलायला लागले. भांडी, दूध, पेला, सासूबाई, सगळं एका दमात, मराठी-तमिळ एकत्र. मी म्हटलं, बाई, तुमच्या कोष्टकात राख नाही, तुम्ही बायकांची हाडं मोजलीच नाहीत. तज्ज्ञ सरळ होऊन बसला, त्यानं लिहूनसुद्धा घेतलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही, ते मी विसरणार नाही.

"तुम्ही म्हणता ते खरं असू शकेल," त्या म्हणाल्या. "पण मग त्या पेल्यातून जी दूध प्यायची, तिचं हाड वाचल्याशिवाय मला ते कसं कळणार?"

बचाव करायला गेले तरी पोर, कबूल करायला गेले तरी पोर. बाईंनी हुकूम सांगितला. मुलीचं वाचन तिच्या राहत्या तालुक्यातल्या मशीनवर व्हावं, अहवाल आठ दिवसांत. आकडा जास्त आला तर तिथूनच ताब्यात घ्यावं. तोवर माझा मुक्काम महिला तुरुंगात. मी विचारलं, मला एक फोन करता येईल का? बाई म्हणाल्या, संध्याकाळी करा.

सहा वाजता पहाऱ्यावरच्या बाईंनी फोन हातात दिला, पाच मिनिटं. ईश्वरीनं पहिल्या घंटेलाच उचलला.

दुपारभर मी ठरवलं होतं काय बोलायचं. हुकूम पोचायला दोन दिवस तरी लागतील असं मला वाटत होतं. तेवढे दोन दिवस तरी तिनं सुखानं जेवावं, झोपावं.

"झालं गं," मी म्हटलं. "मान्य केलं बाईंनी. फाईल बंद."

मग ती म्हणाली, "बरं झालं, आई."

"पाच वर्षं म्हणतायत. मी म्हटलं, चालतंय."

"जेवलीस का?"

"भात होता. इथला भात तुला माहितीये, जाड. तू?"

"मी आता करते. पिठलं टाकते."

"एकटीसाठी आळस करू नको. आणि गॅस बघून बंद कर."

"हो आई. झोप तू आता. काळजी करू नको."

आवाज अगदी साधा होता तिचा. मी फोन दिला आणि त्या रात्री खरोखर झोपले, लाज वाटते सांगायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकमाची प्रत माझ्या हातात दिली. माझ्यासाठी म्हणून तमिळमध्ये. खाली लहान अक्षरांत लिहिलेलं, की संबंधित मशीनवर पाठवला, पोच मिळाली, दुपारी सव्वातीन वाजता. आमच्या तालुक्यात मशीन एकच, आणि त्यावर माणूसही एकच. म्हणजे मी सहाला फोन केला तेव्हा तिला जवळजवळ तीन तास आधीच कळलेलं होतं. पडद्यावर स्वतःचं नाव वाचून ती घरी गेली होती आणि माझ्या फोनची वाट बघत बसली होती. मी तिला फसवत होते आणि ती मला फसवू देत होती.

आकडा तोच आला, दोनशे चाळीस. तानुगडेंनी कळवलं की तिनं स्वतःच हात घातला, स्वतःच कळ दाबली, स्वतःच कागदावर सही केली. पळून जा म्हणणारे भेटले होते तिला, दवाखान्यातलेच. ती म्हणाली म्हणे, आई तिकडं एकटी आहे. राखेचा प्रयोग करायला कोर्टानं परवानगी दिलीय, पण तज्ज्ञांच्या यादीत आमच्या आधी दोनशे अकरा प्रकरणं आहेत.

गुरुवारी तिला आणतायत. माझ्याच बराकीत ठेवतील असं पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, जागा असली तर. इथं जागेवरून भांडणं फार. पलीकडच्या कडेला मुत्तम्मा म्हणून एक आडवी-तिडवी बाई आहे, झोपेत पाय पसरते. मी तिला आजच सांगून ठेवलंय, की बाई, इथं पाय टाकू नको, इथं माझी लेक येणार आहे.